सायकलवरच्या ६०६१ या आकड्याची गोष्ट

माझ्या भाच्याला नवी, हलकी रोड बाइक घ्यायची होती आणि सुटीचा दिवस म्हणून त्याने शनिवार ठरवला होता. घरात लगेच आक्षेप आला, कारण शनिवारी लोखंड विकत आणू नये ही समजूत सोलापुरात आजही अनेक घरांत पाळली जाते. त्यावर भाच्यानेच तोडगा काढला, "आजी, ही सायकल लोखंडाची नाहीच, ॲल्युमिनियमची आहे." आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, समाधान झाले. चेन, चाकांच्या तारा आणि बेअरिंगमधल्या गोळ्या पोलादाच्याच असतात हे मी त्या वेळी बोललो नाही. शनीला धातूंचे पृथक्करण येत नसावे, असे गृहीत धरून आम्ही घराबाहेर पडलो.

दुकानात दुसरी समजूत भेटली. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गिऱ्हाइकाने सायकलच्या जाड दांड्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हटले, "अहो, हे तर जर्मनच्या पातेल्याचे पत्रे. पोचे पडतील, लोखंडी घ्या." दुकानदाराने तत्परतेने उत्तर दिले, "साहेब, हे विमानाला वापरतात ते ॲल्युमिनियम आहे." दांड्यावर चिकटवलेल्या कागदावर ६०६१ असा आकडा होता. भाच्याने मला विचारले, "मामा, ६०६१ म्हणजे काय?" त्याला तिथे उभ्याउभ्या जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

दोघांचेही म्हणणे अर्धवट होते. शुद्ध ॲल्युमिनियम खरोखरच मऊ असते, त्याची तार हाताने वाकते आणि त्याच्या पातेल्याला पोचे पडतात. ६०६१ हा मात्र मिश्रधातू आहे. पहिला ६ हा आकडा मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या मिश्रधातूंचे कुळ दाखवतो. ६०६१ मध्ये शेकडा एकाच्या आसपास मॅग्नेशियम, त्याहून थोडे कमी सिलिकॉन आणि अल्पसे तांबे असते. तो विमानांत वापरला जातो हे खरे, पण त्याच कुळातला त्याचा भाऊ ६०६३ आपल्या घराच्या सरकत्या खिडक्यांच्या चौकटीत असतो. त्यामुळे "विमानाचे ॲल्युमिनियम" या जाहिरातीने भारावून जायचे असेल, तर खिडकी उघडतानाही भारावून जायला हवे.

शेकडा दोनसुद्धा न भरणाऱ्या या भेसळीने धातू कणखर कसा होतो? ही करामत प्रथम ज्याच्या हाती लागली त्याची गोष्टही योगायोगाने शनिवारचीच आहे. १९०६ साली आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ बर्लिनजवळ ॲल्युमिनियम कठीण करण्याचे प्रयोग करत होता. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कठीण होते हे लोहारालाही ठाऊक असते. विल्मने तांबे आणि मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमवर तेच केले आणि तुकडा मऊच राहिला. असे सांगतात की शनिवारी मोजमाप अर्धवट टाकून तो घरी गेला आणि सोमवारी येऊन पाहतो तर तोच तुकडा कितीतरी कठीण झालेला होता. कोणी हात न लावता, नुसते पडून राहून धातू कणखर झाला होता. हा मिश्रधातू पुढे ड्युरालुमिन नावाने बाजारात आला आणि झेपेलिन वायुनौकांच्या सांगाड्यांत वापरला गेला. ज्याला आपण जर्मन म्हणतो त्या धातूला बळ देणारा माणूसही जर्मनच निघाला. मात्र हे का घडले, ते विल्मला सांगता आले नाही.

त्यासाठी आधी धातू वाकतो म्हणजे काय होते ते पाहावे लागेल. धातूत अणूंचे नेटके थर असतात आणि वाकताना एक थर दुसऱ्यावरून सरकतो. आख्खा थर एकदम सरकायचा असता तर त्याला प्रचंड बल लागले असते. प्रत्यक्षात धातू त्याच्या कितीतरी पट कमी बलाने वाकतो. लग्नाच्या मांडवात अंथरलेली मोठी सतरंजी वीतभर सरकवायची असेल, तर जाणती माणसे ती टोकाला धरून ओढत नाहीत. एका बाजूला वळी पाडतात आणि ती वळी पायाने ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेतात. अणूंच्या थरांतही अशा वळ्या असतात आणि त्यांना डिसलोकेशन म्हणतात. ही कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी एकमेकांवर अवलंबून न राहता मांडली. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये या वळ्यांना अडवणारे फारसे काही नसते, म्हणून ते मऊ असते. सतरंजी जागोजागी खिळ्यांनी ठोकली, तर वळी प्रत्येक खिळ्याशी अडेल. मिश्रधातूतील मॅग्नेशियम आणि सिलिकॉन हेच खिळे पुरवतात, पण ते योग्य आकाराचे आणि योग्य अंतरावर बसवावे लागतात.

ते बसवण्याची रीत साखरेच्या पाकासारखी आहे. गरम पाण्यात जास्त साखर विरघळते आणि पाक थंड झाला की जास्तीची साखर खडे धरते. ६०६१ सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू घन ॲल्युमिनियममध्येच विरघळून सगळीकडे पसरतात. मग ते झटकन पाण्यात बुडवतात. खडे धरायला वेळच न मिळाल्याने हे अणू जिथल्या तिथे अडकून पडतात. या क्षणी धातू मऊ असतो, म्हणजे विल्मचा शनिवार. नंतर तो सुमारे १७५ अंशांवर आठ तासांच्या आसपास भट्टीत ठेवतात. त्या उबेत अणू हळूहळू सरकून एकत्र येतात आणि काही नॅनोमीटर जाडीच्या, काही दहा नॅनोमीटर लांबीच्या सुया तयार होतात. विल्मच्या मिश्रधातूत तांब्याचे असेच सूक्ष्म पुंज जमतात, हे १९३८ साली गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी, स्वतंत्रपणे, दाखवले.

आता माझा सर्वांत आवडता भाग. सुया फार लहान असतील तर डिसलोकेशन त्यांना कापून पुढे जाते, कारण सुईचे अणू अजून भोवतालच्या ॲल्युमिनियमच्या थरांशी जुळलेले असतात आणि थर सुईतूनही सरकू शकतो. सुई मोठी होत जाते तसे तिला कापणे अवघड होते. मात्र अणूंचा साठा मर्यादित असल्याने सुया मोठ्या होतात तेव्हा त्यांची संख्या घटते आणि त्यांच्यातील अंतर वाढते. मग डिसलोकेशन दोन सुयांमधून धनुष्यासारखे वाकून बाहेर पडते आणि प्रत्येक सुईभोवती एक वेढा मागे ठेवते. कापणे आणि वळसा घालणे हे दोन्ही मार्ग जिथे सारखेच अवघड होतात, तिथे धातूचे बळ कमाल असते. भट्टीतले तास त्याआधी संपले तर काम कच्चे राहते आणि जास्त झाले तर धातू पुन्हा मऊ होऊ लागतो. त्या शिखरापर्यंत आणलेल्या अवस्थेला टी-६ म्हणतात. मऊ अवस्थेतील ६०६१ साधारण ५५ मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागते, तर टी-६ अवस्थेत तोच धातू २७५ पर्यंत टिकतो. धातू तोच, भेसळ तीच, बळ पाचपट.

सायकलच्या फ्रेममध्ये अडचण येते ती वेल्डिंगमुळे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळच्या सुया विरघळतात किंवा फुगतात आणि तेथील बळ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून चांगला कारखाना वेल्ड केलेली आख्खी फ्रेम पुन्हा ५३० अंशांवर तापवतो, बुडवतो, ती मऊ असतानाच सरळ करून घेतो आणि मग भट्टीत पिकवतो. ७००५ हा जस्त असलेला मिश्रधातू याबाबतीत सोशिक असतो आणि त्याला पुन्हा तापवून बुडवावे लागत नाही. दुकानात विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणूनच "६०६१ आहे का" हा नसून "वेल्डिंगनंतर फ्रेमला उष्णोपचार केला आहे का" हा आहे. दुकानदाराला ते सांगता न आल्यास कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे. सोलापूरच्या उन्हाने धातू मऊ होईल का, हा प्रश्नही आम्हाला एकाने विचारला. मे महिन्यातले ४३ अंश कुठे आणि भट्टीतले १७५ कुठे, सायकल उन्हात लावल्याने टायर आणि सीट खराब होतील, फ्रेम नाही.

आता त्या जाड दांड्याविषयी. बळ आणि ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरचे सगळे सुई-पुराण फक्त बळाचे होते. ताठरपणात ॲल्युमिनियम पोलादाच्या एकतृतीयांश आहे आणि कोणत्याही भट्टीने त्यात फरक पडत नाही. त्याची घनता मात्र २.७ आहे आणि पोलादाची ७.८५, म्हणजे तीही एकतृतीयांशच. मग फायदा काय? फायदा नळीच्या व्यासात आहे. पातळ नळीचे वजन त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकारावर ठरते, तर तिचा ताठरपणा त्रिज्येच्या घनावर. जुन्या पोलादी सायकलची २८.६ मिलीमीटर व्यासाची आणि ०.८ मिलीमीटर जाडीची नळी मीटरला सुमारे ५५० ग्रॅम भरते. ४४ मिलीमीटर व्यासाची आणि १.३ मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी सुमारे ४७० ग्रॅम भरते आणि तरीही जवळजवळ दुप्पट ताठ असते. पोलादाची नळी एवढी फुगवायची तर भिंत इतकी पातळ करावी लागेल की ती सहज चेपेल. बारीक नळ्यांच्या सुरुवातीच्या ॲल्युमिनियम सायकली लवचिक म्हणून ओळखल्या जात. १९७० च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी सायकल बनवणाऱ्याने आणि १९८३ पासून कॅनोन्डेल या कंपनीने जाड नळ्यांच्या फ्रेम बनवल्या, तेव्हा हे चित्र बदलले. नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतील तर त्यांना बटेड म्हणतात. भार आणि वेल्डिंग टोकाला असते, त्यामुळे वजन मधल्या भागातूनच वाचवता येते. अंगठ्याने दाबून पाहणारे ते गृहस्थ नेमके मधल्या पातळ भागावर दाबत होते.

वजनाचे मात्र आमच्या भागात फारसे मनावर घेऊ नये. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना हवा कापण्यातच सुमारे ११० वॅट शक्ती खर्च होते, तर जास्तीच्या एका किलोमुळे टायरच्या घर्षणात अर्ध्या वॅटहूनही कमी. होटगी रस्त्यावर किंवा अक्कलकोटच्या वाटेवर नऊ किलो आणि दहा किलोच्या सायकलीतला फरक घड्याळाला क्वचितच कळेल. तुळजापूरच्या घाटात तो कळतो, पण शेकडा पाचचा चढ आणि स्वारासह नव्वद किलोचा भार धरला, तर तिथेही एका किलोने शेकडा एकाएवढाच फरक पडतो. त्या एका किलोसाठी दहा-पंधरा हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा मापाची फ्रेम घ्यावी, कारण पाठ वाकवून आरामात बसता आले तर हवेचा विरोध त्याहून कितीतरी जास्त घटतो.

ॲल्युमिनियमची सायकल हाडे खिळखिळी करते, हाही एक प्रवाद आहे. खड्ड्यावरून जाताना फ्रेमचा त्रिकोण मिलीमीटरभरसुद्धा दबत नाही, मग तो पोलादाचा असो वा ॲल्युमिनियमचा. टायर मात्र कित्येक मिलीमीटर दबतो. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक लक्षात घेता २८ आणि शक्य तर ३२ मिलीमीटरचा टायर बसेल एवढी जागा फोर्कमध्ये आणि मागच्या दांड्यांमध्ये आहे का, हे पाहावे आणि टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नये.

ॲल्युमिनियमचे एक उणे खरे आहे. पोलादाला ठराविक मर्यादेखालचे धक्के कितीही वेळा दिले तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, प्रत्येक धक्का हिशेबात जमा होतो. म्हणूनच चांगली फ्रेम मुद्दाम गरजेपेक्षा ताठ बनवतात, म्हणजे प्रत्येक धक्क्याचा हिस्सा नगण्य राहतो. तरी महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने फ्रेम पुसून सांध्यांजवळ, विशेषतः हँडलखाली आणि पॅडलच्या आसाजवळ, केसासारखी काळी रेघ दिसते का ते पाहावे. रेघ दिसली तर ती वेल्ड करून घेऊ नये. माझ्या ओळखीच्या एकाने तसे केले होते. वेल्डिंग उत्तम झाले होते आणि चार महिन्यांनी फ्रेम त्या वेल्डच्या बोटभर शेजारी तुटली. सुया कुठे विरघळल्या होत्या, हे वाचकांना आता सांगायला नको.

वाकलेला दांडाही सरळ करून घेऊ नये. भाच्याने शेवटी दहा किलोच्या आतबाहेरची, बटेड नळ्यांची आणि ३२ च्या टायरला जागा असलेली सायकल घेतली. फ्रेमची हमी किती वर्षांची आहे ते आम्ही बिलावर लिहून घेतले आणि पॅडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांकही त्याच बिलावर नोंदवून घेतला, कारण हमी मागताना तोच क्रमांक विचारतात.