‘पुट अप विथ’ म्हणजे किती शब्द?

इंग्रजी वाक्प्रचारांची यादी म्हटली की दोन रकाने डोळ्यांसमोर येतात. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ; पाठ करा आणि वाक्यात उपयोग करा. उजव्या रकान्याबद्दल फारसे वाद नाहीत. डाव्या रकान्यात काय घ्यायचं यावर मात्र जवळजवळ शंभर वर्षं खल चालू आहे.

मुळात ‘इडियम’ हा शब्दच निसरडा. ग्रीकमध्ये त्याच्या मुळाशी ‘स्वतःचं, खासगी’ असा अर्थ आहे. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा एखाद्या लोकसमूहाची बोलण्याची खास धाटणी, एवढंच त्यातून समजायचं. सुटे शब्द कळूनही ज्याचा अर्थ लागत नाही असा शब्दगट, हा अर्थ पुढे चिकटला. आपण मराठीत म्हण आणि वाक्प्रचार असे दोन खण करतो: म्हण स्वतःच्या पायांवर उभी असते, वाक्प्रचार वाक्यात चालवावा लागतो. इंग्रजी ‘इडियम’ या खणांत नीट मावत नाही. ‘बाय अँड लार्ज’ घ्या. म्हण नाही, क्रियापदही नाही, आणि ‘बाय’ व ‘लार्ज’ कोशात पाहून ‘एकंदरीत’ हा अर्थ हाती लागण्याची शक्यता शून्य.

जुने संग्रह या घोळात पडलेच नाहीत. १५०० साली पॅरिसमध्ये ग्रीक-लॅटिन वचनांचा एक संग्रह छापला गेला, १५४६ मध्ये इंग्रजी म्हणींचा पद्यबद्ध संग्रह आला. पण ते भाषा येत असलेल्यांनी भाषा नटवण्यासाठी वाचायचे. त्या काळातल्या गमती बहुतेक भाषांतरातल्या आहेत. ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’मधलं फावडं ग्रीकमध्ये फावडं नव्हतंच, ते द्रोणीसारखं भांडं होतं. लॅटिनमध्ये आणताना गफलत झाली आणि १५४२ च्या एका इंग्रजी भाषांतराने ती कायम केली. ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ हे हिब्रूचं शब्दशः भाषांतर, बायबलमधून आलेलं. आज अस्सल इंग्रजी म्हणून शिकवलं जातं.

परक्या विद्यार्थ्याचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३० मध्ये केंब्रिजच्या एका अभ्यासकाने ८५० शब्दांत आटोपणारी इंग्रजी मांडली. ६०० नामं, १५० विशेषणं आणि वाक्य चालवायला उरलेले १०० शब्द. क्रियापदं फक्त १८: कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक वगैरे. ‘एंटर’ कशाला हवं, ‘गो इन’ आहे. ‘सरेंडर’ कशाला हवं, ‘गिव्ह अप’ आहे. कल्पना देखणी होती. १९४३ मध्ये तर खुद्द ब्रिटनच्या पंतप्रधानांनी हार्वर्डच्या भाषणात तिची वाखाणणी केली.

गोम हिशेबात होती. पुट, अप आणि विथ हे तिन्ही शब्द त्या ८५० मध्ये आहेत. मग ‘सहन करणे’ या अर्थाचा ‘पुट अप विथ’ विद्यार्थ्याला फुकटात मिळाला का? इंग्लंडात वाढलेल्याला तसं वाटेल. बाहेरून येणाऱ्यासाठी तो चौथा, संपूर्ण नवा शब्द आहे आणि ‘टॉलरेट’पेक्षा अवघड, कारण ओळखीचे चेहरे घालून फसवतो. शब्दांची संख्या कमी दाखवण्यासाठी ओझं वाक्प्रचारांवर ढकललं, असं माझं मत आहे. तेव्हाच्या टीकाकारांनीही मोजणीवरच बोट ठेवलं होतं. रचनाकारांनी काही वाक्प्रचार वेगळे नोंदवले हे खरं, पण जाहिरात ८५० चीच झाली. विशेष म्हणजे अशा जोडक्रियापदांसाठीची ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा १९२५ मध्येच छापून आली होती.

त्याच सुमारास टोकियोत इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी एक संस्था उलट्या बाजूने निघाली होती. १९३३ च्या तिच्या अहवालाचा गाभा असा: जे तुकड्यांतून जुळवता येत नाही, ते अखंड शिकावं. मग ते रंगीत वाक्प्रचार असोत की साधी शब्दजोडी. या कामातून १९४२ मध्ये तिथेच एक कोश निघाला. त्याच्या नावातच ‘इडिओमॅटिक’ होतं. १९४८ मध्ये तो इंग्लंडमधून पुन्हा निघाला तेव्हा तो शब्द नावातून गळला, पण विद्यार्थ्यांसाठीच्या आजच्या कोशांची वंशावळ तिथपर्यंत जाते. क्रियापदांच्या जोड्यांना स्वतंत्र जाडजूड खंड मिळायला मात्र १९७५ उजाडलं.

पुढचा धक्का संगणकाने दिला. खऱ्या लिखाणाचे आणि संभाषणांचे प्रचंड साठे चाळून १९८७ मध्ये एक कोश आला आणि १९९५ मध्ये त्याच पठडीतला वाक्प्रचारकोश. शिकवण्यात लाडके असलेले वाक्प्रचार, उदाहरणार्थ ‘किक द बकेट’, प्रत्यक्षात क्वचितच सापडतात. ‘टेक प्लेस’, ‘ऑन द अदर हँड’ अशी बिनचेहऱ्याची मंडळी मात्र पानोपानी. २००० नंतर आणखी एक मुद्दा आला: संवादातले दोघेही मूळ इंग्रजीभाषक नसतील तर एकाने वापरलेला वाक्प्रचार दुसऱ्याला अडतोच. त्याला ‘एकतर्फी’ वाक्प्रचार म्हटलं गेलं.

याद्या मात्र बदलल्या नाहीत, उलट त्यांना व्युत्पत्तीच्या गोष्टींचं शेपूट लागलं. गवताच्या छपरावर झोपणारी कुत्री-मांजरं पावसात घसरून पडायची, म्हणून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, ही कथा १९९९ च्या सुमारास ईमेलमधून फिरली आणि अजून फिरते आहे. तिला आधार नाही. प्राण्यांच्या पावसाचे उल्लेख १६५० च्या आसपासचे आहेत, कुठे ‘कुत्री-मांजरं’, कुठे मांजरांच्या जागी भलताच प्राणी. आजच्या रूपातला वाक्प्रचार १७३८ च्या एका इंग्रजी पुस्तकात दिसतो. ते पुस्तक उपहासाचं आहे: सभ्य समाजात बोलून बोलून गुळगुळीत झालेली वाक्यं त्यात टिंगलीसाठी गोळा केली आहेत.