पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र
पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र (पीसीसी) : परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचे वास्तव्य किंवा कायमचे स्थलांतर करू इच्छिणाऱ्या व्यक्तीविषयी प्रतिकूल माहिती आढळली नाही, असे नमूद करणारा शासकीय दाखला. भारतात तो परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील पारपत्र (पासपोर्ट) कार्यालय देते. पोलिसांचे काम अहवाल पाठवण्यापुरते असते. पर्यटक व्हिसासाठी हा दाखला दिला जात नाही. देशांतर्गत नोकरीसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्याकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र याहून वेगळे असून दोहोंची गल्लत वारंवार होते.

अशा दाखल्यांमागे दोन परंपरा दिसतात. पहिली मध्यवर्ती नोंदवहीची. फ्रान्समध्ये बोनव्हिल द मार्सांजी या न्यायाधिकाऱ्याच्या सूचनेनुसार १८५० मध्ये, शिक्षा कोठेही झाली तरी तिची नोंद त्या व्यक्तीच्या जन्मस्थानाच्या न्यायालयात ठेवण्याची पद्धत सुरू झाली, आणि तिचे अनुकरण पुढे युरोपातील अनेक देशांनी केले. या परंपरेतील दाखला म्हणजे नोंदवहीचा उतारा असतो. दुसरी परंपरा स्थानिक चौकशीची : व्यक्ती जेथे राहते तेथील पोलीस ठाण्याने तिच्याविषयी दप्तर पाहून आणि विचारपूस करून मत कळवायचे. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्येच स्थापन झाले असल्यामुळे भारतीय दाखल्याचे मूळ त्या व्यवस्थेत शोधण्याचा मोह होतो. तथापि भारतीय दाखल्याचा कणा आजही ठशांची तुलना हा नसून ठाण्याचा अहवाल हाच आहे, आणि म्हणून तो दुसऱ्या परंपरेत बसवणे अधिक सयुक्तिक वाटते. याउलट अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेकडून मिळणारा दाखला ठशांवरच आधारलेला असतो. भारतीय दाखल्याचे सध्याचे स्वरूप मात्र १९२० च्या भारतीय पारपत्र अधिनियमापेक्षा १९६७ च्या पारपत्र अधिनियमानंतरच्या व्यवस्थेशी जुळते.

हा संबंध प्रमाणपत्राच्या मजकुरातच दिसतो. धारकाने कधीही गुन्हा केलेला नाही, असे त्यात म्हटलेले नसते. नमूद केलेल्या देशाच्या व्हिसासह प्रवासविषयक सुविधा मिळण्यास धारक अपात्र ठरेल अशी प्रतिकूल माहिती नाही, एवढेच ते सांगते. देशाचे नाव मजकुरात येत असल्याने दुसऱ्या देशासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. अपात्रतेची कल्पना मुख्यतः १९६७ च्या अधिनियमाच्या कलम ६(२) वरून समजून घ्यावी लागते. मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असणे, तसेच भारतातील फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असणे, ही त्यातील महत्त्वाची कारणे होत. प्रलंबित कार्यवाही केव्हापासून धरायची, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. नुसता प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदला जाणे पुरेसे आहे, अशी भूमिका पोलीस अहवालांत अनेकदा घेतली जाते. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यावरच कार्यवाही प्रलंबित मानावी, हा निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी स्वीकारलेला अर्थ अधिनियमाच्या शब्दांना जवळचा आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनातही तोच घेतलेला आहे. परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी (१९६७) व मनेका गांधी (१९७८) या खटल्यांत सांगितले असल्याने हा प्रश्न निव्वळ कार्यालयीन राहत नाही.

अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरून ५०० रुपये शुल्कासह भेटीची वेळ घ्यावी लागते. केंद्रावर मूळ पारपत्र, त्याच्या प्रती आणि पत्ता बदलला असल्यास त्याचा पुरावा दाखवावा लागतो. त्यानंतर पत्त्याच्या हद्दीतील पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते. आधीचा अनुकूल अहवाल उपलब्ध असेल, तर काही वेळा प्रमाणपत्र लगेच मिळते.

मागणी बहुतांशी परदेशी सरकारांच्या धोरणावर हलते. संयुक्त अरब अमिरातीने फेब्रुवारी २०१८ मध्ये कामाच्या व्हिसासाठी सद्वर्तनाचा दाखला आवश्यक केला आणि दोन महिन्यांच्या आत ती अट स्थगित केली. २०२२ मध्ये मागणी अनपेक्षितपणे वाढल्यामुळे २८ सप्टेंबरपासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांवरही अर्जाची सोय झाली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सौदी दूतावासाने भारतीयांना व्हिसासाठी हा दाखला देण्याच्या अटीतून वगळले. दाखला किती काळ ग्राह्य धरायचा हे मागणारा देश ठरवतो. ऑस्ट्रेलिया सामान्यतः १२ महिन्यांपर्यंतचा दाखला स्वीकारतो आणि मागील दहा वर्षांत जेथे एकूण १२ महिने किंवा अधिक वास्तव्य झाले अशा प्रत्येक देशाचा दाखला मागतो. त्यामुळे पुण्याहून आखातात व तेथून मेलबर्नला जाणाऱ्या अभियंत्याला दोन देशांच्या पोलीस दप्तरांशी संबंध येतो. काही देश प्रमाणपत्रावर अपोस्टील (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून केलेले शासकीय प्रमाणीकरण) मागतात. त्यासंबंधीचा १९६१ चा हेग करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

परदेशस्थ भारतीय नागरिक तेथील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करतात, तर भारतात राहणाऱ्या परकीय नागरिकांसाठी विदेशी नागरिक नोंदणी कार्यालय किंवा जिल्हा पोलीस हे सक्षम अधिकारी असतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोमंतकीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिक राहत नाहीत. त्यामुळे जन्म व शिक्षण गोव्यात झालेले असले, तरी ब्रिटनसारख्या तिसऱ्या देशाने भारतातील वास्तव्याचा दाखला मागितल्यास त्यांचा अर्ज माजी रहिवासी असलेल्या परकीयाचा अर्ज म्हणून विचारात घेतला जातो.