‘मॅक’वरून घराणं ठरत नाही

आडनाव ‘एम-ए-सी’ने सुरू झालं तर घराणं स्कॉटिश, नुसत्या ‘एम-सी’ने झालं तर आयरिश, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आणि हा शब्द दोन्हीकडच्या गेलिक भाषांत आहे. ‘एम-सी’ हे त्याचंच आखूड रूप. जुनी नोंदवही नीट पाहा: मोठा एम, त्याच्या खांद्याशी बारीकसा सी, सीखाली कधी रेघ, कधी टिंबं. कारकुनाने हात वाचवला, एवढंच.

सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आणि अठराव्या शतकात तिथून अमेरिकेला गेलेल्या स्कॉच-आयरिश घराण्यांचा माग काढताना हा गैरसमज फार नडतो. लिहिणारा कानावर पडेल तसं लिही. स्कॉटलंडच्या ‘कहून’ (Colquhoun) आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एल आणि क्यू लपलेले, उच्चारात ते येत नाहीत. तेच अमेरिकेत ‘कॅल्हून’ झालं. उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून याच आडनावाचे, त्यांचे वडील अल्स्टरमधल्या डोनेगलमध्ये जन्मलेले.

म्हणून आधी आडनाव मोठ्याने उच्चारा, सुचतील ती सगळी स्पेलिंगं लिहून काढा, मग गाव, चर्च, शेजारी, मृत्युपत्रावरचे साक्षीदार जुळतात का ते तपासा. १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागारात असंख्य आयरिश नोंदी जळाल्या. जे कागद उरलेत, त्यांतलं नाव एका अक्षरापायी बाजूला सारू नका.