‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’: बागेतल्या पाटीची पार्श्वभूमी

वाशी, नेरुळ, ऐरोली किंवा ठाण्याचा घोडबंदर रोड, संध्याकाळी साडेसहाला बहुतेक बागांत एकच वाद ऐकू येतो. झोपाळ्यावर नववी-दहावीची मुलं, खाली वाट बघणारं चार वर्षांचं पोर, चिडलेली आजी आणि शिट्टी वाजवणारा सुरक्षारक्षक. मोठी मुलं दांडगट झालीत, असा निकाल लगेच लागतो. पण ती झोपाळ्यावर का येऊन बसतात याचं उत्तर शहराच्या नकाशात आहे.

वाडीत, चाळीत किंवा आळीत वयाप्रमाणे जागा वाटलेल्या नव्हत्या. एकच अंगण असायचं आणि वयाचा फरक खेळाचे नियम सांभाळायचे. धाकट्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचं: तो पळेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. क्रिकेटमध्ये छोट्याला अंडरआर्म चेंडू, जागा कमी म्हणून एक टप्पा आउट. सरमिसळ वयाचा खेळ या तडजोडींवर चालायचा आणि त्या मुलं स्वतःच ठरवायची. नव्या शहरात हाच धागा जपायचा एक प्रयत्न बेलापूरला झाला. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत सात घरांमध्ये साधारण ८ × ८ मीटरचं एक अंगण आहे आणि अशा तीन गटांमध्ये, म्हणजे २१ घरांत मिळून, साधारण १२ × १२ मीटरचं मोठं. लहानग्यांनी दाराजवळ खेळायचं, वय वाढेल तसं पुढच्या अंगणात जायचं.

बाकी शहर मात्र आरक्षणांवर, म्हणजे नकाशात ठरावीक वापरासाठी राखलेल्या जागांवर, उभं राहिलं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखडे होतात आणि त्यांत उद्यान आणि खेळाचं मैदान ही दोन वेगळी आरक्षणं असतात. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, सेक्टर पडले, आणि हीच विभागणी रुजली: उद्यानात हिरवळ, बाकडी, घसरगुंडी, मैदानात मोकळी माती. कागदावर हे ठीकच होतं. लहान मुलं उद्यानात जातील, मोठी मैदानात, असं गृहीत होतं.

पुढे मैदानाची बाजू आक्रसत गेली. मैदानं प्रदर्शनं, मंडप आणि पार्किंगमध्ये अडकली; ठाण्यात गावदेवी मैदानाच्या खालीच वाहनतळ झाला. नवी मुंबईत शाळांना दिलेली मैदानं शाळेच्या वेळेनंतर सर्वांना खुली राहावीत अशी सिडकोची अट होती, पण कुलूप लागलं की अट कागदावरच राहते. कृत्रिम गवताच्या टर्फवर तासाचे पैसे मोजावे लागतात. सोसायटीच्या आवारातली जागाही टक्केवारीने मोजली जाते: राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा. कोणत्या वयासाठी किती, हे त्या टक्क्यात येत नाही. संयुक्त राष्ट्रांची बाल हक्क संहिता मात्र खेळाचा हक्क १८ वर्षांपर्यंत मानते (कलम ३१), आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

मग बागेतल्या पाटीवरचा १२ हा आकडा कुठला? खेळसाहित्याची मापंच तिथे थांबतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका (पहिली १९८१ ची) सार्वजनिक साहित्याचा विचार १२ वर्षांपर्यंतच करते, आणि त्यात २ ते ५ आणि ५ ते १२ हे भाग वेगळे ठेवायला सांगते. कारण साधं आहे. पोराच्या अंगाला जुळलेल्या सी-सॉवर ५० किलोचा मुलगा बसला की बेअरिंग आणि कडीवर ताण येतो, फायबरच्या घसरगुंडीला तडा जातो, मग तिच्या धारदार कडेवर लहानाचा हात कापतो. पाटी त्या दृष्टीने योग्यच. पण तेराव्या वर्षानंतरचं साहित्य कुणी लावलंच नाही.

मुलींचं तर आणखी कठीण. व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात पाहणी केली, तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत येणं कमी होतं असं दिसलं. मोकळा भाग मुलगे व्यापायचे. मोठी जागा लहान भागांत वाटली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा वाढवल्या, तेव्हा मुली परत आल्या. आपल्याकडच्या एकाच सिमेंटच्या कोर्टालाही हे लागू पडतं.

भिंत घालून प्रश्न सुटत नाही. भावंडांना एकत्र यायचं असतं आणि एकाच पालकाला दोघांवर नजर ठेवायची असते. लहानांचा भाग प्रवेशाजवळ आणि बाकड्यांसमोर, मोठ्यांचा टोकाला, मध्ये गुडघाभर उंचीची झुडपं किंवा बसण्याचा कठडा, एवढं पुरतं. चेंडूचं कोर्ट असं वळवायचं की गोलपोस्टची रेषा लहानांकडे येणार नाही. झोपाळ्याच्या एका चौकटीत दोनच झोपाळे, त्यांच्यात ६० सेंमी अंतर. अगदी लहानांसाठीचे, पाळण्याच्या आसनाचे झोपाळे वेगळ्या चौकटीत. आडवा दांडा २.४ मीटरवर असेल, तर पुढे आणि मागे ४.८ मीटर रिकामं लागतं. इथेच बहुतेक बागा चुकतात: झोपाळ्यासमोरूनच वाट जाते.

खेळसाहित्याखालची वाळू दोन मीटर उंचीपर्यंतच्या पडण्याला २० सेंमी जाड लागते, आणि विखुरण्यासाठी १० सेंमी जादा. मोठ्या मुलांच्या पायांनी झोपाळ्याखालचा खड्डा लवकर पडतो, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, म्हणून तळाला खडी आणि निचऱ्याची नळी हवीच.

ओपन जिम हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित धोका. ही यंत्रं १४० सेंमीपेक्षा उंच व्यक्तींसाठी असतात, हे युरोपीय मानक सांगतं, आणि आपण ती घसरगुंडीच्या शेजारी रोवतो. हलत्या सांध्यात पोराची बोटं चेंगरतात. तीच यंत्रं दहा-पंधरा मीटर दूर, मोठ्यांच्या कोपऱ्यात नेली, शेजारी दोन पुल-अप बार आणि गप्पांसाठी एक पायऱ्यांचा कट्टा दिला, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना झोपाळ्याखेरीज बसायला जागा मिळते. कट्ट्यावर दिवा हवा, नाहीतर सातनंतर मुली तिकडे फिरकत नाहीत.