एडीएचडी आणि मुलांचे अंथरूण ओले होणे

पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही झोपेत वारंवार लघवी होत असेल, तर त्याला शय्यामूत्र म्हणतात. सातव्या वर्षी शेकडा 5 ते 10 मुलांना हा त्रास असतो. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो. अमेरिकेतील 8 ते 11 वर्षांच्या मुलांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतही हेच दिसले.

एकामुळे दुसरे होते असे नाही. कुटुंबांच्या अभ्यासात दोन्ही वेगवेगळे वारशाने येताना दिसतात. मूत्राशय भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचूनही जाग येत नाही, आणि हे नियंत्रण पक्के व्हायला अशा मुलांना उशीर लागतो, असे मानले जाते. यात मुलाचा हट्ट किंवा आळस नसतो. रागावून, मारून किंवा भावंडांसमोर लाज काढून काहीच साधत नाही.

दिवसाकडेही पाहावे लागते. खेळात रमलेले मूल लघवी रोखते, पाय आवळते, टाचेवर बसते, मग अर्धवट लघवी करून पळते. शौचही टाळले जाते. साठलेला कडक मळ मूत्राशयावर दाब देतो. म्हणून बद्धकोष्ठता आधी घालवावी आणि दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, लघवीला पाठवावे. घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासावेत, कारण रात्री श्वास अडला तर अंथरूणही ओले होते आणि दिवसा लक्षही लागत नाही. सहा महिने कोरड्या राहिलेल्या मुलाला पुन्हा त्रास सुरू झाला, तर मधुमेह, मूत्रसंसर्ग व मानसिक ताण यांचा शोध घ्यावा.

मूत्राशयाची अपेक्षित क्षमता (वय + 1) × 30 मिली धरतात. सात वर्षांच्या मुलाची 240 मिली. रात्रीच्या डायपरचे वाढलेले वजन (1 ग्रॅम म्हणजे सुमारे 1 मिली) आणि सकाळची पहिली लघवी यांची बेरीज क्षमतेच्या 130 टक्क्यांहून जास्त भरली, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे समजावे. अशा मुलांना डेस्मोप्रेसिन हे रात्रीची लघवी कमी करणारे औषध लागू पडते. गोळीच्या एक तास आधीपासून गोळीनंतर आठ तासांपर्यंत पाणी जवळपास बंद ठेवावे, नाहीतर रक्तातील सोडियम घसरून झटके येऊ शकतात. उतावळ्या मुलाच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवूच नये. एडीएचडीचे औषध चालू असले तरी शय्यामूत्राचा उपचार बहुधा वेगळा करावा लागतो.

ओलावा लागताच वाजणारा अलार्म टिकाऊ गुण देतो, पण एडीएचडीच्या मुलांत तो अनेकदा फसतो, कारण आवाजाने घर जागे होते आणि मूल झोपलेलेच राहते. पालकाने दरवेळी उठावे, मुलाला पूर्ण जागे करावे, अलार्म त्याच्याच हातून बंद करवावा, चालवत न्हाणीघरात नेऊन उरलेली लघवी करवावी, चड्डी-चादर बदलून सेन्सर पुन्हा लावावा. हे रोज, दोन-तीन महिने. सलग 14 रात्री कोरड्या गेल्यावर अलार्म काढावा. त्रास उलटला तर त्याच क्रमाने पुन्हा लावावा.