भंडारदरा: घाटमाथ्यावरचं पाणी नगरकडे कसं वळलं

पावसाळ्यात शनिवारी रात्री उशिराच्या कसारा लोकलमध्ये सॅकवाल्यांची जी गर्दी असते, तिच्यातले बरेच जण भंडारदऱ्याच्या वाटेवर असतात. एका बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर; दुसरीकडे रतनगड, पलीकडे अलंग-मदन-कुलंग आणि मधे पसरलेलं पाणी. हे तळं डोंगरांइतकंच जुनं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते शंभर वर्षांचं.

रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा पूर्वेला जाऊन गोदावरीला मिळते. नगर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा घाटघर परिसर पावसानं झोडपून निघतो, तर पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतल्या गावांच्या पाचवीला दुष्काळ पुजलेला. वरचं पाणी अडवून खाली न्यायचं, म्हणून इंग्रज सरकारनं १९१० मध्ये शेंडीजवळ धरणाचं काम हाती घेतलं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत पुरी व्हायला १९२६ उजाडलं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव तिला मिळालं. आज पर्यटक ज्याच्यासमोर फोटो काढायला झुंबड करतात, तो अंब्रेला धबधबा म्हणजे याच भिंतीतून सोडलेलं पाणी. सोडणं थांबलं, की धबधबा गायब आणि उरतो नुसता काळा कातळ.

धरणातलं पाणी नदीतूनच वाहत ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. त्यावर ऊस उभा राहिला, उसामागून कारखाने आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग लोणीला केला, त्यामागे या कालव्यांचा मोठा हात आहे.

मुंबईच्या नळाला मात्र यातला थेंबही येत नाही. आपली तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं सह्याद्रीच्या अलीकडच्या उतारावरची. घाटघरचा कडा ओलांडला की पाण्याची दिशाच बदलते. या कड्याचा उपयोग विजेसाठी करून घेतला तो २००८ मध्ये सुरू झालेल्या २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पानं. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी खाली कोकणात चोंढ्याच्या धरणात सोडायचं, मागणी उतरली की तेच पंपानं परत वर चढवायचं. म्हणजे प्रवरेचं पाणी शहापूर तालुक्यात उतरतं खरं, पण मुक्कामाला नाही.