घरोघरचा कचरा खासगी कंपनीकडे सोपवला जातो तेव्हा : ग्राहकांसाठी माहिती

आपल्या दारातील कचरा उचलण्याचे काम स्थानिक प्रशासनाने निविदा काढून आमच्यासारख्या कंपनीकडे दिले, तरी त्याची अंतिम जबाबदारी प्रशासनाचीच राहते. गाड्या, इंधन आणि कामगार आमचे असतात. फेऱ्या किती, कचरा कोठे न्यायचा आणि कामात कसूर झाल्यास बिलातून किती दंड कापायचा, हे करारात ठरलेले असते. म्हणून फेरी चुकल्यास तक्रार प्रथम आमच्याकडे नोंदवावी आणि तिची दखल घेतली न गेल्यास ती संकोच न करता प्रशासनाकडे न्यावी.

करारातील सर्वांत निर्णायक कलम मोबदल्याचे असते. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात माणशी दररोज सरासरी ०.७४ किलो कचरा निर्माण होतो, म्हणजे चार माणसांच्या घरातून जवळपास तीन किलो. मोबदला टनावर असेल, तर या प्रत्येक किलोचे पैसे कंपनीला मिळतात. ओला कचरा पाण्यामुळे जड भरतो, राडारोडा त्याहूनही जड, आणि पुठ्ठा व प्लास्टिक मात्र काट्यावर जवळजवळ काहीच दाखवत नाहीत. अशा करारात आपण घरीच खत केले, तर कंपनीचे बिल घटते आणि कचरा वेगळा ठेवण्याचा आग्रह धरण्यात तिला काही हित उरत नाही. मोबदला घरांच्या संख्येवर आणि वर्गीकरण किती नीट झाले यावर ठरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्यात फेऱ्या टाळण्याचा मोह असतो, हेही आम्ही मान्य करतो. त्यामुळे प्रशासनाची अचानक तपासणी हवीच. पूर्वीपासून कचरा वेचून पोट भरणाऱ्यांना वर्गीकरणाच्या कामात सामावून घेण्याची अटही करारात असावी, कारण एरवी नव्या गाडीबरोबर त्यांची रोजीरोटी जाते.

आपल्याकडून आमची अपेक्षा थोडी आहे. खरकट्याने भिजलेला पुठ्ठा पुनर्वापरासाठी कोणी घेत नाही, म्हणून ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवावा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे; पिशवी उचलणारा हात आमच्या सहकाऱ्याचा असतो. मोबाइलची जुनी बॅटरी कचऱ्यात कधीही टाकू नये, कारण गाडीत कचरा दाबला जाताना ती फुटून आग लागू शकते. ती कामगाराच्या हाती स्वतंत्रपणे द्यावी.